नाण्यांना काळ देणारा माणूस – जेम्स प्रिन्सेप

नाणी जमवणाऱ्या कुणाचाही अल्बम उघडा. आधी आहत नाणी, मग इंडो-ग्रीक, कुषाण, क्षत्रप, सातवाहन, गुप्त. पुढे सुलतानी, मुघल, मराठे, कंपनी सरकार आणि शेवटी आपलं प्रजासत्ताक. मीही माझी नाणी अशीच लावतो. पण जुन्या नाण्यावर आकड्यात इसवी सन नसतो, मग हे कप्पे पाडले कोणी? उत्तर शोधताना हमखास भेटतो तो जेम्स प्रिन्सेप.

प्रिन्सेपचा जन्म १७९९ सालचा. १८१९ मध्ये तो कलकत्त्याच्या टांकसाळीत नोकरीला लागला. काम काय, तर सोन्याचांदीचा कस तपासायचा. वर्षभरात त्याची बदली काशीच्या टांकसाळीत झाली आणि तिथे तो १८३० पर्यंत राहिला. नुसता पगार घेणारा गडी नव्हता तो. काशीत त्याने सांडपाण्यासाठी भुयारी गटार बांधलं, शहराची शिरगणती केली, घाटांची सुरेख चित्रं काढली. कलकत्त्याला परतल्यावर १८३२ मध्ये टांकसाळीचा मुख्य कस-परीक्षक आणि एशियाटिक सोसायटीचा चिटणीसही झाला.

मग काय, देशभरातून त्याच्याकडे जुनी नाणी येऊ लागली. अफगाणिस्तानातून चार्ल्स मॅसन पाठवत असे. या नाण्यांच्या एका बाजूला ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला कुणालाच न येणारी लिपी. दोन्हीकडे राजा तोच, म्हणजे नाव तेच असणार! मॅसनने हा धागा दाखवला होता, तो धरून प्रिन्सेपने खरोष्ठीची बरीच अक्षरं लावली. १८३७ मध्ये सांचीच्या कठड्यावरचे छोटे लेख बघताना त्याच्या लक्षात आलं, की बहुतेकांच्या शेवटी तीच दोन अक्षरं आहेत. हा ‘दानं’ शब्द असावा, असा त्याने तर्क केला आणि ब्राह्मी लिपी उलगडली. जर्मन पंडित लासेननेही आधी एका दुभाषी नाण्यावरून काही अक्षरं वाचली होती, पण पूर्ण लिपी लावली ती प्रिन्सेपने.

याचा नाण्यांना काय फायदा? सौराष्ट्रातल्या क्षत्रपांच्या इवल्याशा चांदीच्या नाण्यांवर राजाबरोबर त्याच्या बापाचंही नाव असतं. ती वाचता आल्यावर बापामागून मुलगा अशी वंशावळच मांडता आली. राजांचा क्रम लागला, की नाण्यांचा काळ ठरलाच म्हणून समजा.

आपल्या महाराष्ट्राचंच बघा ना. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला नहपान क्षत्रपाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांवर ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठी अशा तिन्ही लिपी. त्यातल्या बऱ्याच नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला! कोण हरलं, कोण जिंकलं, ते नाणंच सांगतं. ही नाणी क्षत्रपांच्या कप्प्यात ठेवायची की सातवाहनांच्या, यावर संग्राहक खुशाल वाद घालोत; पण ही अक्षरं लागली नसती, तर वाद घालायला नावंच नसती.

गंमत अशी, की अल्बममधली एक रेघ प्रिन्सेपच्या काळात, त्याच्याच खात्यातून पडली. तोवर मुलखागणिक रुपया वेगळा आणि कंपनीच्याही कित्येक रुपयांवर शाह आलम बादशहाचं नाव. सगळीकडे एकच रुपया हवा, असं मांडणाऱ्यांत प्रिन्सेप होता. १८३५ च्या कायद्याने १८० ग्रेन वजनाचा, राजाचा मुखवटा असलेला एकच रुपया आला. जुने रुपये हळूहळू मुशीत गेले. एका हाताने जुनी नाणी चलनातून घालवायची आणि दुसऱ्या हाताने त्याहून जुन्यांना इतिहासात जागा द्यायची, असा हा माणूस! मला तरी त्यात विसंगती दिसत नाही. दोन्हीकडे काम एकच, नाणं नीट पारखणं.

दिवसा टांकसाळ, उरलेल्या वेळात लिपी. शरीराने शेवटी साथ सोडली. १८३८ मध्ये आजारी होऊन तो इंग्लंडला परतला आणि २२ एप्रिल १८४० रोजी, अवघ्या चाळिसाव्या वर्षी वारला. कलकत्त्यात हुगळीकाठी त्याच्या नावाचा घाट आहे. त्याचा नाण्यांचा संग्रह १८४७ मध्ये इथे लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये आला.

म्हणून सांगतो मंडळी, घरच्या डब्यातलं जुनं नाणं मुलांना दाखवाल, तेव्हा त्याची किंमत किती येईल हे नंतर. आधी त्यावरचं नाव वाचायला लावा.