स्वामी कुवलयानंद

स्वामी कुवलयानंद (मूळ नाव : जगन्नाथ गणेश गुणे, ३० ऑगस्ट, १८८३ – १८ एप्रिल, १९६६) हे योगाचे संशोधक, व्यायामशिक्षक आणि लोणावळा येथील कैवल्यधाम या संस्थेचे संस्थापक होते. आसने, बंध, क्रिया आणि प्राणायाम यांचा शरीरावर होणारा परिणाम प्रयोगशाळेत तपासण्याची परंपरा भारतात त्यांनी सुरू केली. योगाचे शिक्षक पद्धतशीरपणे घडविणारे महाविद्यालयही त्यांच्याच पुढाकाराने उभे राहिले.

पूर्वायुष्य

जगन्नाथ गुणे यांचा जन्म तत्कालीन बडोदा संस्थानातील डभोई येथे एका मराठी कुटुंबात झाला. घरची परिस्थिती बेताची होती आणि शिक्षणासाठी त्यांना इतरांच्या साहाय्यावर अवलंबून राहावे लागले. १९०३ मध्ये मॅट्रिकच्या परीक्षेत त्यांना संस्कृतची मानाची जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती मिळाली. पुढे बडोदा महाविद्यालयातून १९१० मध्ये ते पदवीधर झाले. अरविंद घोष आणि लोकमान्य टिळक यांच्या विचारांचा त्यांच्यावर याच काळात प्रभाव पडला व त्यांनी आजन्म ब्रह्मचर्याचे व्रत घेतले.

१९०७ ते १९१० या काळात त्यांनी बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात राजरत्न माणिकराव यांच्याकडे भारतीय व्यायामपद्धतीचे शिक्षण घेतले. त्या पिढीच्या दृष्टीने तालीम हे नुसते अंग कमावण्याचे ठिकाण नव्हते. हिंदी माणूस दुबळा आहे, असे राज्यकर्ते उघडपणे म्हणत आणि पुष्कळ सुशिक्षितांनी ते मनोमन मान्यही केले होते. या हिणवण्याला तालमीतून उत्तर दिले जात होते. गुणे यांचा स्वतःच्या शरीराशी पहिला डोळस परिचय झाला तो अशा वातावरणात, देशकार्यासाठी सिद्ध करावयाचे साधन म्हणून. ही दृष्टी त्यांनी पुढेही टाकली नाही, मात्र ती त्यांना अपुरी वाटू लागली.

अमळनेर येथील खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या उभारणीत त्यांनी भाग घेतला आणि १९१६ मध्ये तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे ते प्राचार्य झाले. (याच संस्थेच्या प्रताप हायस्कुलात पुढे साने गुरुजी शिक्षक होते.) राष्ट्रीय वृत्तीमुळे हे महाविद्यालय सरकारच्या रोषास पात्र ठरून बंद पडले. १९२३ पर्यंत गुणे अमळनेरला भारतीय संस्कृती हा विषय शिकवीत होते.

माधवदासजींची भेट

१९१९ मध्ये नर्मदाकाठच्या मालसर येथे त्यांना परमहंस माधवदासजी हे मूळचे बंगाली योगी भेटले. मुंबईच्या योग इन्स्टिट्यूटचे संस्थापक श्रीयोगेंद्र हेही माधवदासजींचेच शिष्य. एकाच वृद्ध गुरूच्या दोन शिष्यांनी काही वर्षांच्या अंतराने आधुनिक योगसंस्था काढाव्यात, हा योगायोग लक्षणीय आहे. माधवदासजींचे १९२१ मध्ये निधन झाले. गुणे यांना त्यांचा सहवास फार काळ लाभला नाही, पण तेवढ्या काळात त्यांची दिशा ठरून गेली.

तालमीत शरीर वाढवावयाचे असते. मालसरला त्यांना जे शिकावे लागले त्याचे स्वरूप वेगळे होते : स्थिर बसणे, श्वासाकडे लक्ष देणे, स्नायू ताणण्याबरोबरच ते सैल सोडणे. या विद्येला त्या काळी सुशिक्षितांत फारशी प्रतिष्ठा नव्हती. स्वामी विवेकानंदांनी ‘राजयोग’ या ग्रंथात हठयोगाला केवळ शरीरापुरता म्हणून बाजूला सारले होते. खुद्द पातंजल योगसूत्रांतही शौचाच्या साधनेने स्वतःच्या अंगाविषयी जुगुप्सा उत्पन्न होते असे सांगितले आहे. एकीकडे देहाची ही उपेक्षा आणि दुसरीकडे हठयोग्यांच्या सिद्धींविषयी चमत्कारांच्या कथा, अशा दोन टोकांच्या मध्ये गुणे यांना वाट काढावयाची होती.

बडोद्याचे प्रयोग

१९२०-२१ मध्ये त्यांनी बडोद्याच्या रुग्णालयात काही विद्यार्थ्यांच्या साहाय्याने उड्डियान बंध आणि नौली यांवर प्रयोग केले. त्यासाठी क्ष-किरणांचा उपयोग करण्यात आला. उड्डियानात श्वास पूर्ण सोडून, कंठ बंद ठेवून छाती श्वास घेतल्यासारखी फुगवतात. त्यामुळे पोट आत ओढले जाते. नौलीत पोटाचे मधले उभे स्नायू वेगळे उठवले जातात. त्या वेळी मोठ्या आतड्यात हवेचा दाब बाहेरच्या दाबापेक्षा कमी होतो, असे गुणे यांना आढळले. बस्तिक्रियेत कोणत्याही पंपाशिवाय पाणी आत कसे ओढले जाते, याचा उलगडा त्यातून झाला. तोवर प्राणवायूच्या गूढ शक्तीकडे बोट दाखवून हा प्रश्न सोडवला जात असे. या निर्वात स्थितीला त्यांनी आपल्या गुरूंचे नाव दिले. नामकरणात शिष्याची भक्ती दिसते आणि मापनात संशोधकाची शिस्त. त्यांच्या कामात या दोन्ही गोष्टी अखेरपर्यंत बरोबर राहिल्या.

कैवल्यधाम

ऑक्टोबर १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना केली आणि त्याच महिन्यात ‘योगमीमांसा’ हे इंग्रजी त्रैमासिक सुरू केले. कुवलयानंद या नावाने ते येथून पुढे ओळखले जाऊ लागले. त्रैमासिकात शास्त्रीय, अर्धशास्त्रीय आणि लोकोपयोगी असे विभाग असत. प्राणायामाने शरीराला पुष्कळ जास्त प्राणवायू मिळतो, हा लोकप्रिय समज त्यांनी तपासला आणि तो त्यांना टिकणारा वाटला नाही. प्राणायामाचे महत्त्व अन्यत्र शोधले पाहिजे, असे त्यांनी मांडले. योगाचा प्रचारक असूनही योगाच्या बाजूचा एक आवडता युक्तिवाद त्यांनी सोडून दिला, ही गोष्ट त्यांच्या चरित्रात महत्त्वाची मानली पाहिजे.

महात्मा गांधी १९२७ मध्ये रक्तदाबाच्या विकाराने आजारी असताना त्यांनी कुवलयानंदांशी आपल्या प्रकृतीविषयी पत्रव्यवहार केला होता. येल विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ के. टी. बेहानन यांनी लोणावळ्यास राहून अभ्यास केला. त्यांचा योगावरील ग्रंथ १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला.

शिक्षणपद्धती

कुवलयानंदांनी आसनांचे ध्यानासाठीची आणि शरीरसंवर्धनासाठीची असे दोन वर्ग केले. ‘आसने’ आणि ‘प्राणायाम’ ही त्यांची पुस्तके अनेक वर्षे योगशिक्षणाचा पाया मानली गेली. ‘आसने’मध्ये त्यांनी सर्वांसाठी एकच क्रम दिला नाही. धडधाकट माणसासाठी पूर्ण अभ्यासक्रम, वेळ कमी असणाऱ्यासाठी लहान आणि अशक्तांसाठी सोपा, अशी त्यांनी विभागणी केली. झटके देऊन आसन साधू नये, शरीर कुरकुर करू लागले की थांबावे, अभ्यासानंतर थकवा न येता ताजेपणा वाटावा, असा त्यांचा आग्रह होता. ज्याला पश्चिमोत्तानासनात कपाळ गुडघ्यांना लावता येत नाही त्याचा अभ्यास वाया जात नाही, कारण आसनाचा परिणाम माणसाच्या स्वतःच्या मर्यादेतही घडतो. हे आज सर्वमान्य वाटते. मात्र आखाड्यातल्या चढाओढीत वाढलेल्या माणसाने ते शिकवावे यात एक मोठा पल्ला गाठलेला आहे.

तथापि समूहाचा व्यायाम त्यांनी वर्ज्य मानला नाही. माणिकरावांच्या संघ व्यायामाचा वारसा पुढे नेत त्यांनी ‘यौगिक संघ व्यायाम’ (१९३६) हे पुस्तक शाळांसाठी लिहिले. हुकमावर एकसाथ करावयाची आसने आणि ज्याच्या त्याच्या प्रकृतीनुसार दिलेला अभ्यास यांत ताण आहे. तो त्यांच्या लेखनात पूर्णपणे मिटलेला दिसत नाही.

१९३२ मध्ये मुंबईत संस्थेची शाखा निघाली व पुढे मरीन ड्राइव्हवर ईश्वरदास चुनीलाल यौगिक आरोग्य केंद्र सुरू झाले. तेथे येणारी माणसे बहुधा मल्ल नसत. बद्धकोष्ठ, दमा, लठ्ठपणा, निद्रानाश अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या शहरी स्त्रीपुरुषांना आपल्या आहे त्या शरीरापासून आरंभ करावयास शिकवणे, हे योगशिक्षकाचे नवे काम ठरले. डॉ. एस. एल. विनेकर यांच्यासह लिहिलेल्या आणि १९६३ मध्ये केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने प्रसिद्ध केलेल्या यौगिक चिकित्सेवरील ग्रंथात आसनांइतकेच महत्त्व आहाराला आणि मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा या मनोवृत्तींना दिले आहे. रुग्णाने आपल्या आजाराकडे व स्वतःकडे कसे पाहावे, हा उपचाराचाच भाग मानला आहे.

उत्तरकाल

१९५०-५१ मध्ये लोणावळ्यात गोवर्धनदास सेक्सरिया योग महाविद्यालय सुरू झाले. गुरूच्या घरी राहून मिळणारी विद्या येथे वर्ग, पाठ्यक्रम आणि परीक्षा यांच्या चौकटीत आली. शरीररचना, शरीरक्रियाशास्त्र आणि मूळ संस्कृत ग्रंथ यांचा अभ्यास योगशिक्षकाने केलाच पाहिजे, अशी कुवलयानंदांची भूमिका होती. ‘गोरक्षशतका’चे संपादन त्यांनी एस. ए. शुक्ल यांच्यासह केले. १९६६ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर त्यांचे शिष्य स्वामी दिगंबरजी यांनी संस्थेचे कार्य पुढे चालविले. ‘योगमीमांसा’ आजही प्रसिद्ध होते.