मेबलची आई

कुर्डुवाडी जंक्शन म्हणजे माहेरवाशिणींचं स्टेशन. कुणाचं सासर गुलबर्ग्याला, कुणाचं पार हैदराबादला. पण एखादी लेक लेकरू कडेवर घेऊन कायमची उतरते, तेव्हा घरात पहिला प्रश्न निघतो, पोराची केस इथं चालेल की तिकडं? हाच प्रश्न आपल्याकडे अ‍ॅनी बेझंट यांच्या खटल्यातही निघाला होता, हे किती जणींना ठाऊक असेल!

होमरूलवाल्या, १९१७ च्या काँग्रेस अध्यक्षा बेझंटबाई आपण शाळेत वाचल्या. त्यांच्यातली आई मात्र पुस्तकात नव्हती. जन्म १८४७, लंडनचा. विसाव्या वर्षी एका पाद्र्याशी लग्न झालं. पटलं नाही. १८७३ मध्ये वेगळ्या झाल्या. मुलगा दिग्बी बापाकडे, मेबल आईकडे. पुढं संततिनियमनाचं पुस्तक छापलं म्हणून बाईंवर खटला भरला, आणि १८७८ मध्ये नवऱ्यानं मेबलही मागितली. बाईंनी स्वतःच बाजू मांडली. आईची माया कोर्टानंही नाकारली नाही, तरी नास्तिक बाईकडे मुलगी नको म्हणून आठ वर्षांचीही न झालेली पोर काढून घेतली.

१८९३ मध्ये बाई भारतात आल्या. मद्रासजवळ अड्यारला त्यांनी कृष्णमूर्ती आणि त्यांचा धाकटा भाऊ यांना सांभाळलं. वडील नारायणैया यांनी आधी लिहून दिलं, मग १९१२ मध्ये दावा लावला. तोवर मुलं शिकायला इंग्लंडात. आता बाई दुसऱ्या बाजूला होत्या! मद्रासला त्या हरल्या. १९१४ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं निकाल फिरवला: मुलं जिथं राहतात तिथलंच कोर्ट हवं, शिवाय मुलांना कुणी विचारलंच नव्हतं. वडिलांना इंग्लंडच्या कोर्टाचा रस्ता मोकळा ठेवला. म्हणजे जिथं मेबल हिसकावली, त्याच देशातलं कोर्ट.

पालकत्वाच्या १८९० च्या कायद्यात मूल नेहमी राहतं तिथलं जिल्हा न्यायालय, हाच नियम आजही आहे. पण मारहाण सोसून रातोरात आलेल्या लेकीला तेवढ्यावर थांबावं लागत नाही. २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यानं ती आत्ता राहते तिथल्या मॅजिस्ट्रेटकडे, अगदी तात्पुरती राहत असली तरी, अर्ज करता येतो. मुलाचा तात्पुरता ताबा मागता येतो. निकड असेल तर समोरच्याला ऐकण्याआधीही हुकूम निघू शकतो.

मेबल वयात आल्यावर आपणहून आईकडे परतली. दिग्बीसुद्धा. बाई १९३३ मध्ये अड्यारला गेल्या.