दुष्काळाने आणलेल्या लेकींची आई : पंडिता रमाबाई



घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड, हा आपल्या हुबळी-धारवाडच्या मराठी घरांचा रोजचा अनुभव आहे. आपले पूर्वज कोणी व्यापारासाठी, कोणी नोकरीसाठी, कोणी रेल्वेच्या कामासाठी इकडे आले आणि इथलेच झाले. कर्नाटकाच्या मातीत रुजलेल्या अशाच एका मराठी घरात जन्मलेल्या पंडिता रमाबाईंचे चरित्र या अंकात आम्ही देत आहोत. त्यांचे नाव बहुतेकांनी ऐकलेले असते. मात्र आयुष्याच्या उत्तरार्धात ही विदुषी आपल्या मुलीसह एका ओसाड माळावर, परमुलखातून आलेल्या निराधार मुलींमध्ये का जाऊन राहिली, हे फारसे सांगितले जात नाही. म्हणून आज मुख्यतः तीच हकीकत सांगायची आहे.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मूळचे कारकळजवळच्या माळ या गावचे. हा भाग आज उडुपी जिल्ह्यात येतो. शास्त्रीबुवांचे शिक्षण पुण्यात झाले. पेशव्यांच्या घरातील स्त्री संस्कृत शिकते हे तेथे त्यांच्या पाहण्यात आले आणि आपल्या घरातही असे व्हावे, असे त्यांच्या मनाने घेतले. पुढे पत्नी लक्ष्मीबाईंना त्यांनी संस्कृत शिकवायला सुरुवात केली, तेव्हा समाजाने मोठा विरोध केला. तो सहन करून ते सह्याद्रीतील गंगामूळ येथे रानात जाऊन राहिले. तुंगा, भद्रा आणि नेत्रावती या तीन नद्या जिथे उगम पावतात तेच हे ठिकाण. तेथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला.

शास्त्रीबुवांकडे दूरदूरचे विद्यार्थी येत आणि त्यांच्याच घरी जेवत. या आतिथ्यात घरची संपत्ती संपली. रमा काही महिन्यांची असतानाच कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. गावोगावी पुराण सांगायचे आणि मिळेल त्यावर गुजराण करायची, असे कित्येक वर्षे चालले. रमाला शाळा अशी मिळालीच नाही. आईने चालता-चालता संस्कृत शिकवले, भागवताचे हजारो श्लोक पाठ करून घेतले. अनेक भाषा तिने वाटेवरच उचलल्या.

त्यानंतर दक्षिणेत भयंकर दुष्काळ पडला. होते नव्हते ते विकून झाले. रानातला पाला आणि कंदमुळे खाण्याची पाळी आली. १८७४ मध्ये आधी वडील गेले, मागोमाग आई. आईच्या प्रेताला चौथा खांदेकरी मिळेना, तेव्हा रमाने स्वतः खांदा दिला. पुढे थोरली बहीणही वारली. उरले रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास. ही भावंडे पायी उत्तरेकडे गेली. पंजाबात झेलमच्या काठी कडाक्याच्या थंडीत अंगावर पांघरूण नव्हते, म्हणून खड्डे खणून त्यात झोपायची वेळ आली. भूक म्हणजे काय आणि परक्या गावी दारात उभे राहणे म्हणजे काय, हे रमाबाई कोवळ्या वयात शिकल्या. पुढची सगळी हकीकत समजायला ही गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे.

१८७८ मध्ये भावंडे कलकत्त्याला पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेतली आणि त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी लग्न केले. जात वेगळी आणि प्रांतही वेगळा, त्यामुळे लोकांनी नावे ठेवली. १८८१ मध्ये मुलगी झाली, तिचे नाव मनोरमा. पण मूल वर्षाचेही झाले नव्हते, तोच १८८२ मध्ये पटकीने मेधावी दगावले. तेवीस वर्षांची ही विधवा तान्ह्या मुलीला घेऊन पुण्याला आली. तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. त्याच वर्षी हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देऊन स्त्रियांसाठी शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टर तयार करण्याची गरज मांडली.

वैद्यकीचे शिक्षण घ्यावे या हेतूने १८८३ मध्ये त्या मनोरमाला घेऊन इंग्लंडला गेल्या. ऐकू कमी येत असल्याने वैद्यकीचा बेत फसला. पण तेथे भगिनी संघाच्या स्त्रिया समाजाने टाकून दिलेल्या बायकांना जवळ करून नव्याने उभे करतात, हे त्यांनी पाहिले. त्याचा त्यांच्या मनावर खोल परिणाम झाला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी आणि मनोरमाने बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात यावरून मोठा गहजब झाला. दुसरीकडे, ख्रिस्ती झाल्यावरही चर्चचे अधिकारी सांगतील तेवढेच मानायला रमाबाई तयार नव्हत्या. देवाशी नाते जोडले ते स्वतः विचार करून, अशी त्यांची वृत्ती दोन्हीकडच्यांना अवघड गेली.

डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी १८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. तेथे सुमारे तीन वर्षे हिंडून त्यांनी हिंदी विधवांची स्थिती लोकांसमोर मांडली. १८८७ मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाले आणि दहा वर्षे मदत देण्याचे वचन मिळाले. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडले. पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाह झालेल्या गोदूबाई, म्हणजे आनंदीबाई कर्वे, या सदनाच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. १८९० मध्ये सदन पुण्याला आले. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी मंडळी सल्लागार होती. पण रमाबाईंच्या प्रार्थनेला काही मुली बसतात, त्यांचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे होतो, यावरून वाद पेटला. १८९३ मध्ये सल्लागारांनी अंग काढून घेतले आणि अनेक पालकांनी मुली घरी नेल्या. मुली आपल्याकडे सोपवताना पालकांची जी अपेक्षा होती, तिला धक्का बसला असे पुणेकरांना वाटत होते. आपल्या घरात आपण मोकळेपणी प्रार्थना केली, कोणावर सक्ती केली नाही, असे रमाबाईंचे म्हणणे होते. हा वाद आजही अभ्यासक मांडतात. दोन्ही बाजू आपल्या वाचकांनी जाणून घ्याव्यात.

यानंतर १८९६ साल उजाडले. मध्य प्रांतात दुष्काळ पडला आणि पोटासाठी माणसे गाव सोडून वाट फुटेल तिकडे निघाली. वाटेवर पडलेल्या अनाथ मुली आणि तरुण विधवा वाईट लोकांच्या हाती लागत आहेत, अशा बातम्या पुण्यात येऊ लागल्या. रमाबाईंजवळचा पैसा शारदा सदनापुरता होता. अमेरिकेतील मदतीची मुदत संपत आली होती. पुण्यातील मोठी माणसे आधीच दूर गेली होती. हिशेब मांडणाऱ्या माणसाने अशा वेळी घरीच बसावे. पण दुष्काळातली भूक त्यांनी स्वतः भोगली होती. ज्या देवाने आपल्याला त्यातून वाचवले, तो या मुलींचेही पाहील, असा त्यांनी विश्वास धरला आणि त्या मध्य प्रांतात गेल्या. तेथून त्यांनी सुमारे ३०० मुली आणि स्त्रिया आणल्या.

आणल्या खऱ्या, पण ठेवायच्या कुठे? १८९७ मध्ये पुण्यात प्लेगची साथ होती आणि एवढ्या जणींना शहरात एकत्र ठेवायला सरकारी निर्बंध आड येत होते. दौंड तालुक्यात, पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावर केडगावजवळ रमाबाईंनी सुमारे १०० एकर जमीन आधीच घेऊन ठेवली होती. फळबाग करून सदनाचा खर्च भागवावा, असा त्यांचा मूळ विचार. तेथे ना इमारत होती ना पुरेसे पाणी. त्याच माळावर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या, आणि या वसाहतीला नाव मिळाले ‘मुक्ती’.

आलेल्या मुली नुसत्या उपाशी नव्हत्या. कित्येक आजारी होत्या आणि काही तर उपचार होऊनही दगावल्या. त्यांची बोली वेगळी, जेवणाची रीत वेगळी. हाती लागेल ते अन्न लपवून ठेवायचे आणि माणूस दिसला की भ्यायचे, अशी दुष्काळाने त्यांना सवय लावली होती. रमाबाई त्यांच्यापासून वेगळ्या बंगल्यात राहिल्या नाहीत. जाडेभरडे पांढरे लुगडे नेसून त्या तेथेच, त्यांच्यामध्ये राहिल्या. आधी अंघोळ, औषध, पोटभर जेवण. मग अक्षरओळख आणि मग एखादे काम, असा क्रम होता. थोड्या शिकलेल्या मुलीने नव्याने आलेलीला सांभाळायचे. त्यामुळे काल जी परकी होती, ती आज दुसऱ्या परकीची थोरली बहीण होई.

१८९८ मध्ये अमेरिकेच्या वचनाची दहा वर्षे पूर्ण झाली. रमाबाई पुन्हा तिकडे जाऊन हिशेब देऊन आल्या. नवी मदत मिळू लागली, तरी यापुढे बांधून घेतलेल्या वचनावर अवलंबून न राहता प्रार्थनेवर भर द्यायचा, असे त्यांनी ठरवले. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल येथे जॉर्ज म्युलर यांनी हजारो अनाथ मुले अशाच रीतीने सांभाळली होती आणि ते काम रमाबाईंना माहीत होते. विश्वास म्हणजे हात जोडून बसणे, असा अर्थ मात्र त्यांनी कधी केला नाही. मुक्तीत प्रार्थना होई आणि विहीरही खणली जाई. शेती, गाई-म्हशी, विणकाम, शिवणकाम, तेलघाणा, धुलाई, छापखाना अशी कामे मुली स्वतः करीत.

याची खरी कसोटी १९०० च्या सुमारास लागली. गुजरातेत दुष्काळ पडला आणि तेथून तेराशेहून अधिक मुली व स्त्रिया मुक्तीत आल्या. आता मराठी, हिंदी आणि गुजराती अशा अनेक बोली एका आवारात नांदू लागल्या. त्यांच्यासाठी निरनिराळी सदने झाली : समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन, वृद्ध स्त्रियांसाठी प्रीती सदन, मुलग्यांसाठी सदानंद सदन, अंध मुलींसाठी बार्तीमी सदन. अमेरिकेत शिकून आलेल्या मनोरमाबाईंनी ब्रेल लिपी आत्मसात केली होती. अंध मुलींना त्यांनी बोटांनी वाचायला शिकवले. चांगले शिक्षण घेतलेली ही मुलगी परदेशात किंवा मुंबईत सुखाने राहू शकली असती. ती आईच्या कामाला येऊन मिळाली. मायलेकींचे हे दोघींचे कुटुंब आणि त्यांच्या भोवती दोन हजारांच्या घरातील लेकी, असा तो संसार होता.

आपल्या भागाशीही या मायलेकींचे नाते जुळले. १९१२-१३ च्या सुमारास रमाबाईंनी गुलबर्ग्यात, म्हणजे आजच्या कलबुर्गीत, शाळा सुरू केली. हा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि शिक्षणात फार मागे होता. मनोरमाबाईंनी शाळेच्या प्रमुखपदाची जबाबदारी घेतली.

शेवटची वर्षे रमाबाईंनी बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. साध्या बायकांना कळेल अशी भाषा हवी म्हणून त्या मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचे काम मुक्तीतल्या स्त्रियांनीच केले. १९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिले. पण २४ जुलै १९२१ रोजी चाळिशीतल्या मनोरमाबाई वारल्या. आईवडील, भावंडे, पती आणि आता एकुलती एक मुलगी, असे एकेक करून सारे गेले. तरीही रमाबाईंनी काम थांबवले नाही. भाषांतर पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. १९८९ मध्ये भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. केडगावचे मुक्ती मिशन आजही चालू आहे.

रमाबाईंचा धर्म प्रत्येकाला पटेलच असे नाही आणि तशी गरजही नाही. त्यांच्यावर झालेली टीका सगळीच अन्यायाची होती, असेही आम्ही म्हणत नाही. पण एका गोष्टीत त्यांना तोड नाही. आपण कधी काळी परके आणि उपाशी होतो, हे त्या विसरल्या नाहीत. मोठेपणा मिळाल्यावर बहुतेकांना नेमके तेच विसरावेसे वाटते.

हुबळी-धारवाडला आज कामासाठी दूरदूरची कुटुंबे येतात. बांधकामावर, कारखान्यात, बाजारात त्यांची माणसे दिसतात आणि त्यांची मुले कधीतरी आपल्या शेजारच्या बाकावरही येऊन बसतात. त्यांना ना आपली मराठी येते, ना धड कन्नड. आपल्या पणजोबांचेही इथला पहिला दिवस असाच गेला असेल. म्हणून विद्यार्थी मित्रहो, वर्गात नवा मुलगा किंवा मुलगी आली, तर डब्यातला पहिला घास तिला द्या आणि तिच्या भाषेतले दोन शब्द शिकून घ्या. पालकांनी आणि विश्वस्तांनीही अशा मुलांसाठी शाळेचे दार थोडे अधिक उघडे ठेवावे. आपणही कधी काळी बाहेरूनच आलो, हे आपल्या शाळेने लक्षात ठेवले, तर रमाबाईंच्या चरित्रातून काहीतरी घेतले असे होईल.