गांडुळांच्या मागे चाळीस वर्षे

माणूस आणि माकड यांच्या नात्यामुळे चार्ल्स डार्विन यांचे नाव घरोघरी पोहोचले. पण त्यांनी आयुष्यभर पिच्छा पुरवला तो गांडुळांचा.

‘बीगल’ जहाजावरून परतल्यावर १८३७ मध्ये ते मामा जोसाया वेजवूड यांच्याकडे गेले. मामांनी त्यांना एक कुरण दाखवले. काही वर्षांपूर्वी तिथे पसरलेला चुना आणि राख आता गवताखाली काही इंच गाडली गेली होती. हे काम गांडुळांचे, हा तर्क मामांचाच. त्याच वर्षी डार्विन यांनी त्यावर लंडनच्या भूशास्त्र संस्थेत निबंध वाचला. एवढासा जीव एवढे काम करीलच कसा, असा आक्षेप पुढे घेतला गेला.

डार्विन वाद घालत बसले नाहीत. १८४२ मध्ये केंटमधील डाउन गावी राहायला आल्यावर त्यांनी शेजारच्या शेतात खडूचे तुकडे पसरले आणि थांबले. किती? तब्बल २९ वर्षे! १८७१ मध्ये चर खणला, तेव्हा खडूचा पांढरा थर सात इंच खाली सापडला.

म्हातारपणी, प्रकृती साथ देत नसताना, त्यांनी कुंड्यांत गांडुळे पाळली. घरच्यांनी त्यांना पियानो ऐकवला. गांडुळांना काहीच नाही. कुंडी पियानोवरच ठेवून सूर वाजवला, तेव्हा मात्र ती चटकन बिळात शिरली. त्यांना आवाज नव्हे, कंप कळतो. कोलकात्याच्या वनस्पती उद्यानातून आणि निलगिरीतूनही त्यांच्याकडे गांडुळांची विष्ठा तपासायला आली होती.

आज रोपवाटिकेत आपण ज्याला गांडूळखत म्हणतो, ती हीच विष्ठा. (खतासाठी पाळतात ती गांडुळे मात्र वेगळ्या जातीची, कुजणाऱ्या पाल्यात राहणारी.) त्यांच्या आतड्यातून गेलेल्या पाल्यातील नत्र आणि स्फुरद कोवळ्या मुळांना सहज घेता येते. तरी रोपांसाठी निव्वळ गांडूळखत वापरू नये. मिश्रणात पाचवा हिस्सा पुरे.

इंग्लंडमध्ये बऱ्याच ठिकाणी एकरी दहा टनांहून जास्त माती दरवर्षी गांडुळांच्या पोटातून जाते, असा हिशेब डार्विन यांनी मांडला. ते पुस्तक ऑक्टोबर १८८१ मध्ये निघाले आणि काही आठवड्यांत हजारो प्रती खपल्या. पुढच्या एप्रिलमध्ये ते वारले. बागेत ठेवलेला एक जड दगड गांडुळांमुळे दरवर्षी किती खचतो, याची मोजणी मुलगा होरेसने पुढे चालू ठेवली.