अस्सल कोल्ट, नक्कल कोल्ट

हुबेहूब नक्कल ओळखणे किती कठीण असते, हे उल्हासनगरच्या बाजारपेठेशी परिचय असलेल्यांना सांगावयास नको. मेड इन यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद लोकलच्या डब्यात अनेक पिढ्यांनी ऐकला आहे. गंमत अशी, की खऱ्याखुऱ्या अमेरिकेतील एक कारखानदार आपल्या मालाची नक्कल रोखण्यासाठी झगडला आणि त्याच्या मृत्यूनंतर सुमारे शंभर वर्षांनी त्याच मालाच्या नकला सन्मानाने विकल्या जाऊ लागल्या. रिव्हॉल्व्हर घरोघरी पोहोचविणारा सॅम्युअल कोल्ट तो हाच.

१९ जुलै १८१४ रोजी कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड येथे त्याचा जन्म झाला. शाळेत मन न रमलेला हा मुलगा १८३० मध्ये कोर्व्हो नावाच्या जहाजावर खलाशी म्हणून चढला. जहाज कलकत्त्याला निघाले होते. याच सफरीत सोळा वर्षांच्या कोल्टने फिरत्या सिलिंडरच्या पिस्तुलाचा लाकडी नमुना कोरला. जहाजाच्या फिरणाऱ्या व ठरावीक जागी अडकणाऱ्या चाकावरून ही कल्पना सुचली, असे पुढे सांगितले गेले. परंतु एलिशा कोलियरने बनविलेली तशाच धर्तीची हत्यारे त्या काळी हिंदुस्थानातील ब्रिटिशांकडे होती आणि ती कोल्टने पाहिली असावीत, असे काही अभ्यासक मानतात. म्हणजे अस्सल कोणाचे, हा वाद पहिल्या नमुन्यापासूनचाच!

मायदेशी परतल्यावर डॉक्टर म्हणवून घेत, गावोगावी लोकांना हास्यवायू हुंगवून त्याने पैसा जमविला. २५ फेब्रुवारी १८३६ रोजी अमेरिकन पेटंट मिळाले. तथापि पॅटरसन येथील पहिला कारखाना १८४२ मध्ये बुडाला. १८४७ मध्ये कॅप्टन सॅम्युअल वॉकर याच्यामुळे सैन्याची एक हजार रिव्हॉल्व्हरची मागणी आली, तेव्हा कोल्टकडे स्वतःचा कारखानाही नव्हता. दुसऱ्याच्या कारखान्यात माल बनवून त्याने ती पुरी केली. १८५१ मध्ये मॅसॅच्युसेट्स आर्म्स कंपनीविरुद्धचा पेटंटचा खटला त्याने जिंकला.

ही हत्यारे आजच्यासारख्या काडतुसांची नव्हती. सिलिंडरच्या प्रत्येक खणात पुढून बंदुकीची काळी दारू व शिशाची गोळी ठासायची आणि मागे टोपी बसवायची. सिलिंडरवर चित्रे उमटविण्यासाठी कोल्टने वॉटरमन ऑर्म्सबी या नोटांचे ठसे कोरणाऱ्या कारागिराला गाठले. १८५१ च्या नेव्ही रिव्हॉल्व्हरवर १६ मे १८४३ च्या कँपेचे येथील आरमारी लढाईचे दृश्य आहे. शोभा झाली आणि मालाची ओळखही. राजेरजवाड्यांना भेट द्यावयाची पिस्तुले मात्र हाताने कोरून सोन्याने मढविली जात. रशियाचा झार आणि तुर्कस्तानचा सुलतान या परस्परांच्या वैऱ्यांशी एकाच वेळी सलोखा राखण्यात कोल्टला संकोच वाटला नाही.

१८५५ मध्ये हार्टफर्डला त्याचा भव्य कारखाना उभा राहिला. एलिशा रूटने तेथे बसविलेल्या यंत्रांवर सुटे भाग एकसारखे निघत. अंबरनाथला ज्यांच्या नावाचाच सरकारी कारखाना आहे, ती मशीन टूल्स हेच कोल्टच्या यशाचे खरे भांडवल होते. १० जानेवारी १८६२ रोजी, वयाच्या अवघ्या ४७ व्या वर्षी तो वारला.

पुढे १९५० च्या दशकाच्या अखेरीस व्हॅल फॉर्गेट या अमेरिकन व्यापाऱ्याने इटलीत कोल्टच्या प्रतिकृती बनवून घेण्यास प्रारंभ केला. त्यांवर सोनेरी कोरीवकाम करून स्मारक-आवृत्त्या निघाल्या. अशी वस्तू हाती आल्यास चकाकीने भुलू नये. इटालियन प्रतिकृतीवर गार्दोने येथील चाचणीचा शिक्का, ताऱ्याखाली पीएन ही अक्षरे आणि लहान चौकटीत वर्ष दर्शविणारे रोमन आकडे किंवा दोन अक्षरे असतात. केवळ काळ्या दारूसाठी, अशी इंग्रजी सूचनाही बहुधा आढळते. जुन्या कोल्टवर यांपैकी काही नसते. उलट एकच अनुक्रमांक तिच्या अनेक भागांवर ठोकलेला असतो.

या साऱ्यात एक घोळ खुद्द कोल्ट कंपनीनेच करून ठेवला आहे. १८५१ चे नेव्ही रिव्हॉल्व्हर तिने १९७१ मध्ये पुन्हा बाजारात आणले आणि ग्रँट व ली या सेनापतींच्या स्मरणार्थ खास आवृत्त्या काढल्या. त्यांवरील कोल्ट हे नाव अस्सल होते. सुटे भाग इटलीहून आले होते.