चेहरा वाचणारा डार्विन

चार्ल्स डार्विन (१८०९–१८८२) म्हटले की आपल्याला माकड आठवते. माणसाच्या चेहऱ्यावर त्यांनी एक अख्खे पुस्तक लिहिले, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही.

भाव दाखवता यावेत म्हणूनच देवाने माणसाला चेहऱ्याचे काही खास स्नायू दिले, असे सर चार्ल्स बेल हे नामवंत शरीरशास्त्रज्ञ मानत. डार्विनना ते पटेना. १८३९च्या डिसेंबरात थोरला मुलगा विल्यम जन्मला आणि पहिल्या दिवसापासून त्याच्या रडण्या-हसण्याची टिपणे हा बाप लिहू लागला. एकदा तर मागे हटायचे नाही असा निश्चय करून प्राणिसंग्रहालयात ते जहरी सापाच्या काचेला तोंड भिडवून उभे राहिले. सापाने झेप घेताच निश्चय कुठल्या कुठे! क्षणात ते मागे उडाले.

१८६७ मध्ये त्यांनी जगभरच्या मिशनऱ्यांना आणि अधिकाऱ्यांना प्रश्न पाठवले. आश्चर्याने डोळे विस्फारतात का? लाजल्यावर चेहरा लाल होतो का? उत्तरे सगळीकडे सारखी आली, तर भाव उपजत आणि सारी माणसे एकाच मुळाची, हे दिसणार होते. गोरे-काळे वंश मुळातच वेगळे, असे ठासून सांगणारे विद्वान तेव्हा कमी नव्हते.

हे प्रश्न आपल्या मुलखातही पोचले. एर्स्किन नावाचे गृहस्थ अहमदनगर जिल्ह्यात लोकांचे चेहरे न्याहाळत होते. पण साहेबासमोर माणसे मनातले काही चेहऱ्यावर येऊच देत नसत, त्यामुळे खात्रीने काही ठरवणे त्यांना अवघड गेले. मग त्यांनी कानडा भागातले न्यायाधीश वेस्ट यांच्याकडून माहिती मिळवली, काही जाणत्या देशी मंडळींनाही विचारले. डार्विननी ही अडचण न लपवता प्रस्तावनेत नोंदवली आहे. मला तरी पुस्तकातली ही सर्वांत बोलकी जागा वाटते.

पुस्तक १८७२ मध्ये निघाले. भुवया उंचावल्या की नजर झटकन चौफेर फिरते. किळस आली की तोंडातले थुंकावे तसे ओठ वळतात. चावा घेण्याची वेळ गेली तरी रागात दात दिसतातच. कधीकाळी उपयोगी पडलेल्या हालचाली सवयीने अंगात मुरल्या, असे त्यांचे म्हणणे. सवयी वारशाने उतरतात हे त्यांचे गृहीत पुढे टिकले नाही. आई आणि तान्हे मूल यांचा पहिला संवाद चेहऱ्यावरच होतो, हे मात्र त्यांनी अचूक हेरले होते.

विल्यमची सविस्तर टिपणे छापून आली ती १८७७ मध्ये. तेव्हा तो ३७ वर्षांचा होता आणि साउदॅम्प्टनला बँकेचा व्यवसाय पाहत होता.