भाषा आधी, गोष्ट नंतर

बर्मिंगहॅमच्या किंग्ज हीथ भागात रेल्वेरुळांना लागून एक घर होते. घरामागून कोळशाच्या वाघिणी जात आणि त्यांवर वेल्समधल्या गावांची नावे रंगवलेली असत. घरातला नऊ वर्षांचा रोनाल्ड ती वाचत बसे. अर्थ कळत नसे, पण नादाने त्याला वेड लावले.

जॉन रोनाल्ड रूएल टोल्किन यांचा जन्म दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लूमफाँटेनचा, ३ जानेवारी १८९२ चा. चौथ्या वर्षी वडील गेले. आई मेबलने इंग्लंडात, हाती पैसा बेताचा असताना, दोन मुलांना वाढवले. लॅटिनचे पहिले धडे रोनाल्डला तिनेच दिले. १९०४ साली मधुमेहाने तीही गेली. इन्सुलिनचा शोध लागायला अजून सतरा वर्षे होती. भाषेची गोडी लावणारी आई बाराव्या वर्षी गेलेल्या या मुलाने पुढे जन्मभर भाषाच घडवल्या.

सुरुवात मावसबहिणींबरोबरच्या खेळातून झाली. आपल्याकडची मुले ‘च’ची भाषा बोलतात ना, त्यातलाच प्रकार. मिसरूड फुटले की हा नाद सुटतो. याचा सुटला नाही. ऑक्सफर्डच्या एक्सेटर कॉलेजात फिनिश भाषेचे व्याकरण हाती लागले आणि त्या ओढीतून १९१५ च्या सुमारास एल्फ नावाच्या कल्पित लोकांची ‘क्वेन्या’ भाषा आकार घेऊ लागली.

मग महायुद्ध. मार्च १९१६ मध्ये एडिथशी लग्न झाले आणि काही महिन्यांत टोल्किन सोमच्या खंदकांत होते. शाळेपासूनचे दोन जिवलग मित्र त्या वर्षी मारले गेले. उवांमुळे पसरणाऱ्या खंदकज्वराने टोल्किन मायदेशी परतले. त्या आजारपणात त्यांनी एल्फांच्या कथा लिहायला घेतल्या. कारण भाषेला बोलणारी माणसे हवीत, त्यांना इतिहास हवा, असे त्यांचे मत होते. गोष्टीसाठी भाषा नव्हे, तर भाषेसाठी गोष्ट!

गंमत म्हणजे मराठी वाचकाला ही भाषा फारशी परकी वाटू नये. क्वेन्यात विभक्तीचे प्रत्यय आहेत: ‘किर्या’ म्हणजे जहाज, ‘किर्यास्से’ म्हणजे जहाजात, ‘किर्यानेन’ म्हणजे जहाजाने. तेंग्वार लिपीत व्यंजने उच्चारस्थानानुसार मांडलेली, आपल्या क-च-ट-त-प वर्गांसारखी. आणि संस्कृतातून प्राकृत भाषा बदलत गेल्या, तसे त्यांनी एका कल्पित मूळ भाषेतून दोन भाषांना फाटे फोडले. झाडाला क्वेन्यात ‘आल्दा’, तर सिंदारिनमध्ये ‘गलध’. सिंदारिनचा नाद वेल्शचा. त्या वाघिणी कुठे विसरल्या होत्या?

१९२५ पासून ऑक्सफर्डात अँग्लो-सॅक्सनचे प्राध्यापक असलेल्या टोल्किन यांना या छंदाचा संकोचच वाटे. १९३१ मध्ये त्यावर निबंध वाचला, त्याचे नावही ‘गुप्त व्यसन’ अशा अर्थाचे. ‘हॉबिट’ १९३७ ला आले, ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ १९५४-५५ ला. मग वाचक पत्रांतून व्याकरण विचारू लागले. पण भाषा कधी पुरी झालीच नाही. काल ठरवलेला नियम ते आज खोडत. त्यामुळे आजही तिच्यात धड बाजारहाट करता यायचा नाही.

एडिथ १९७१ मध्ये गेली. तरुणपणी ती रानात नाचली होती. त्यावरून त्यांनी लुथिएन ही एल्फकन्या आणि तिचा मर्त्य प्रियकर बेरेन यांची कथा रचली होती. २ सप्टेंबर १९७३ रोजी टोल्किनही गेले. ऑक्सफर्डच्या वुल्व्हरकोट दफनभूमीत दोघांचा एकच दगड आहे. तिच्या नावाखाली लुथिएन कोरले आहे, त्यांच्या नावाखाली बेरेन.